ऐकायची किल्ली

"थांबा, जोडते."

आईचा हा आवाज घरातला नव्हता. घरातला आवाज हाका मारून मारून कडा झिजलेला, वाक्य अर्ध्यावर टाकून दुसऱ्या खोलीत निघून जाणारा. हा मात्र घडी घालून ठेवलेल्या कापडासारखा. टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या लांबट खोलीत, शाळा सुटल्यावर ती आईच्या मागे उंच स्टुलावर पाय लोंबकळवत बसायची. समोर बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर काळा कानपट्टा आणि पुढ्यात भोकाभोकांची फळी. फळीवर एखादा बारका दिवा लुकलुकला की आई दोरी उचलून भोकात खुपसायची, "थांबा, जोडते" म्हणायची, आणि कुठल्या तरी घरातलं माणूस दुसऱ्या कुठल्या तरी घरातल्या माणसाला भेटायचं. दोघांच्या मधे आई. तिच्या पुढ्यात एक छोटा खटका होता, त्याला सगळ्याजणी ऐकायची किल्ली म्हणायच्या. पुढे ओढली की ऑपरेटरला बोलणं ऐकू यायचं, मागे लोटली की बंद. "तू सगळ्यांचं ऐकतेस?" तिने एकदा विचारलं होतं. "जोडेपर्यंत," आई म्हणाली होती. "एका हॅलोला दुसरा हॅलो भेटला की आपण बाहेर." आणि चुकून काही कानावर पडलंच, तर ते त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. वडील मुद्दाम खोड काढायचे, "काय मग, आज कुणाकुणाचं फाटलं?" तर आई चपला काढता काढता तेवढंच म्हणायची, "लाइनवरचं लाइनवर." निवांत वेळी त्या बायका रांगेतून ओव्या रचत पुढे सरकवायच्या, एक ओळ एकीची, दुसरी शेजारणीची. त्यातली एक अजून तिच्या डोक्यात घर करून होती:

तार बोले तारेला, ओठ लावुनी कानाला
मधल्या बाईनं गं, कुलूप घालावं मनाला.

तो घडीचा आवाज तिला इतक्या वर्षांनी नेमका आठवला तो काचेच्या खोलीत, बैठकीच्या मध्यावर, सगळे हसत असताना. भिंतीवर एका घराचा नकाशा होता आणि त्या घरातून फिरणारी एक निळी रेघ. रेघ म्हणजे एका माणसाचा दिवस. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात छताच्या कोपऱ्यांत बशीएवढ्या पांढऱ्या चकत्या बसवायच्या, मनगटावर एक पट्टा द्यायचा. चकत्यांना डोळे नव्हते, पण त्यांना चालणं कळायचं, थांबणं कळायचं, झोपलेल्याचा श्वास कळायचा, आवाजातला कंप कळायचा. आणि मग मुलांच्या, सुनांच्या, नर्सच्या फोनवर एक ठिपका उमटायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. या सगळ्याचं नाव होतं 'सोबत'. ठिपका कसा दिसावा, चकतीला किती कळावं आणि किती कळू नये, पट्ट्याचं बक्कल दुखऱ्या बोटांना कसं उघडता यावं, हे ठरवणं तिचं काम. चाचणीच्या घरांवरून नावं पुसलेली असत, नुसते आकडे. तक्ते मांडणारी मुलगी, जिला सगळे तक्तेवाली म्हणत, सातव्या घराची रेघ दाखवत म्हणाली, "या आजी भारी आहेत. दुपारचं आटपलं की बाथरूममध्ये जातात ते येतच नाहीत. रोज. आत टीव्ही लावलाय की काय कोण जाणे." रेघ बाथरूमच्या दारापाशी तुटत होती आणि पुढे नुसती पांढरी पट्टी, लांबच लांब, मग तिथूनच रेघ पुन्हा सुरू होत होती. कुणीतरी म्हणालं, "आजींचा कुणावर तरी जीव जडला असेल." सगळे हसले. तीही हसली. आणि हसता हसता तिला रेघ ओळखू आली. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून ओटा, ओट्यापासून पुन्हा खिडकी, मग गॅस बंद केला का ते बघायला उलट पावली ओट्यापाशी. संध्याकाळी प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावायचा आणि बाहेर पडताना घालवायचा, म्हणजे शेवटी सगळं घर अंधारातच. गर्दीत पाठमोरी चाल ओळखावी तशी तिने ती रेघ ओळखली. सातवं घर आईचं होतं. आईचा ठिपका ती फोनवर दिवसभर बघत होती. रेघ तिने कधीच बघितली नव्हती.

"हसण्यावारी नेऊ नका," डॉक्टर म्हणाले. ते पूर्वी खरोखरचे डॉक्टर होते, आता या कचेरीचे प्रमुख होते, पण नाव तेच चिकटलं होतं. "माणसं पडतात ती बाथरूममध्ये. आणि नेमके तिथेच आपण आंधळे. बरं, पट्टा तरी असावा हातात. तर ही माणसं अंघोळीला जाताना घड्याळ काढावं तसा तो काढून ठेवतात. पाण्याला चालतो म्हणून घसा फोडून सांगितलं तरी." ते तिच्याकडे वळले. "ते दार तुम्ही बंद ठेवलंत, ताई. आठवतंय ना?" तिला आठवत होतं. पहिल्याच आराखड्यावर तिने बाथरूमचा चौकोन कोरा ठेवला होता आणि म्हटलं होतं, माणसाला एक तरी दार हवं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि आता तो कोरा चौकोन भिंतीवर पांढऱ्या पट्टीसारखा लोंबत होता. "उघडायचं तर तुमच्याच तोंडून उघडू दे," डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सांगा." मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "माझ्या वडिलांना दार फोडून बाहेर काढलं होतं. मी कुठे बोलतो कुणाला. पण दाराचं कौतुक मला नका सांगू." काचेच्या पलीकडे माणसं तोंडं हलवत होती, आवाज येत नव्हता. अलीकडे आवाज होता, पण हवा संपत आल्यासारखी वाटत होती. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा आहे हे कळूनही ओठाला लावला.

बैठक मोडली तशी ती सवयीने बाथरूमकडे वळली, शेवटच्या कप्प्यात शिरली, कडी लावली, झाकणावर बसली आणि फोन काढला. पिवळा ठिपका. 'हालचाल दिसत नाही.' आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती रोज इथेच येते, याच वेळी, याच कप्प्यात, सगळ्यांच्या नजरेआड ठिपका बघायला. पिवळा असेल तर हिरवा होईपर्यंत बसून राहते, अंगठ्याने काच पुसत. आणि तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला आई याच वेळी कडी लावून बसलेली असते, कुणालाही न दिसण्यासाठी. दोघी मायलेकी दोन बंद दारांआड. मधे शहर, आणि शहराच्या मधे तो एवढासा ठिपका. एकीने ओढायचा, दुसरीने चुकवायचा. ही वेळ तिने आतापर्यंत आईची वामकुक्षी समजली होती. शेजारच्या कप्प्यात कुणीतरी पाणी सोडलं आणि ती दचकली, चोरी पकडल्यासारखी.

वडील गेले त्यानंतरची गोष्ट. धाकटा भाऊ समुद्रापलीकडे, तो फोनवर म्हणायचा, "तू आहेस ना तिथे," आणि त्या 'तू आहेस ना'चं ओझं तिच्या मानेवर बसायचं. रोज संध्याकाळी आईकडे जाऊन यावं तर स्वतःचं घर वाऱ्यावर, न जावं तर जीव टांगलेला. आई फोन उचलत नसली की तिच्या मनात जी चित्रं यायची ती ती नवऱ्यालाही सांगत नसे. मग हे काम आलं, आणि तिने पहिल्या काही घरांत आईचं घर घातलं. कामाची रीत अशी होती की आधी माणसाला विचारायचं, तुम्हाला काय हवं, कशाची अडचण होते, आणि तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्यायचं. ती आईसमोर बसली, अनोळखी बाईसारखी, आणि तिने सगळे प्रश्न विचारले. आई खिडकीबाहेर बघत होती. "तुला काय हवंय ते लिही," आई म्हणाली. "अगं, तुला काय हवंय ते विचारतेय मी." "तेच सांगतेय. तुला काय हवंय ते लिही." तिने लिहिलं, सुरक्षितता. भिंतीवर लावलेल्या पहिल्या आराखड्यात तोच शब्द मोठ्या अक्षरांत होता आणि शेजारी एका हसऱ्या म्हातारीचं चित्र, जिच्याशी आईचं काडीचंही साम्य नव्हतं. चकत्या बसवल्या त्या दिवशी आईने मान वर करून प्रत्येकीकडे बघितलं, पाहुण्यांना पाणी द्यावं की नाही अशा विचारात असल्यासारखं, आणि एवढंच विचारलं, "यांना झोप लागते का गं?" मग वडिलांच्या वर्षाच्या दिवशी आई रडली. काही फार नाही, कपाट आवरताना त्यांचा चष्मा हाती लागला म्हणून. चकतीला तो कंप कळला. फोन तिघांचे वाजले: तिचा, भावाचा आणि नर्सचा. भावाने तिकडच्या पहाटे उठून विचारलं, आई काय झालं, नर्सने विचारलं, आजी छातीत दुखतंय का, आणि ती स्वतः तर गाडी करून धावत गेली. आई दारात उभी होती, डोळे कोरडे. "चष्म्यासाठी एवढी माणसं," ती म्हणाली. त्यानंतर ठिपका कधी रडण्याने पिवळा झाला नाही. तिला वाटलं होतं, आई सावरली. तिने भावाला तसं कळवलंही होतं.

डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली. बसमध्ये उभं राहायलाही धड जागा नव्हती. काखेतल्या पिशव्या, खांद्यावर कुणाचा तरी श्वास, आणि मुठीत तो पिवळा ठिपका, ज्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून ती दर थांब्याला बघत होती. शेवटी मागच्या रविवारचं आठवलं. आई चहा डाव्या हाताने ओतत होती. "उजव्याला काय झालं?" "कंटाळलाय. आयुष्यभर दोऱ्या खुपसल्या त्याने." दोघी हसल्या होत्या. पट्टाही डाव्या मनगटावर आला होता, आणि एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं. ते तेव्हा दिसलं होतं, पण बघितलं नव्हतं. बघायचं काम चकत्यांवर सोपवलं होतं ना. भावाचा निरोप येऊन पडला: आई कुठंय? पिवळं दाखवतंय. तिने लिहिलं, झोपलीय. आणि मग ते खोटं आहे हे कळत असूनही तसंच राहू दिलं, कारण आत्ता दुसरा कुठलाही शब्द उचलायला हातात जोर नव्हता.

आपल्याजवळच्या किल्लीने तिने दार उघडलं. घरात दुपारची गार शांतता होती, धुतलेला कप पालथा, खुर्चीवर घडी केलेला टॉवेल. तिचं पाऊल पडताच कोपऱ्यातल्या चकतीने तिची दखल घेतली. फोन थरथरला, ठिपका हिरवा झाला. आई हलली असं तिकडे सगळ्यांना वाटलं असणार. बाथरूमच्या बाहेरच्या कडीला पट्टा लटकत होता, बक्कल नीट लावलेलं. आणि आतून गुणगुण येत होती, त्या एक्स्चेंजमधल्या चालीवर, पण शब्द नवे:

दाराआड दार, त्याच्या आड मी बसले
माझी मला बाई, किती दिसांनी दिसले.

ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. ओलसर फरशीचा वास दाराखालच्या फटीतून येत होता. ऐकणं थांबवावं असं तिला वाटलं, पण कानांना कुठे खटका असतो. न ठरवताच तिने बोटाने दारावर दोनदा वाजवलं.

गुणगुण थांबली. "कोण?"

"मी."

"इतक्या लवकर? नोकरी गेली की काय?"

"नाही. तू बरी आहेस ना?"

"तुझ्या बशीला विचार. तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते."

"आई, आत काय करतेस?"

"बसते."

"बसून काय करतेस?"

"बसून आणखी काय करतात, बसतेच." आत स्टूल किंचित सरकल्याचा आवाज झाला. "पलंगावर पडले तर झोपले असं होतं. खुर्चीत बसले तर हालचाल कमी. खिडकीशी उभी राहिले तर बेचैन. मागे तुझी ती नर्स म्हणाली, आजी, काल फार येरझाऱ्या घातल्यात. इथे मी काही केलं तर ते कुठे जात नाही. म्हणून मग काही करावंही लागत नाही."

लहानपणी आजारात आई उशाशी बसायची तेव्हाही असंच असायचं, एक जण आत, एक जण बाहेर, फक्त दार ज्वराचं होतं. "मग काढून टाकू का सगळं?" तिने विचारलं.

"काढलंस तर तुला झोप लागेल?"

या प्रश्नाचं उत्तर तिला कधीपासून ठाऊक होतं, आणि ते टाळून टाळून तिने त्याला कितीतरी चांगली नावं दिली होती: काळजी, जबाबदारी, आईची गरज. दाराच्या लाकडावर रंगाचा एक ओघळ सुकला होता, त्यावरून ती बोट फिरवत राहिली. तोंडासमोर माणूस नसलं की बोलता येतं हे त्या रांगेतल्या बायकांना ठाऊक असणार. "नाही लागणार," ती म्हणाली. "आई, ते तुझ्यासाठी नाहीच. माझ्यासाठी आहे. मला भीती वाटते. तू एकटी असताना काही झालं आणि मला नंतर कळलं तर, याची. मी तुला काय हवंय ते विचारलं आणि माझं लिहून घेतलं."

"ते तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," आई म्हणाली. आवाजात ना राग होता ना विजय. "पण लिहिलंस ते बरं केलंस. तू जेवत नव्हतीस तेव्हा. मला कळायचं फोनवर. चावण्याचा आवाजच यायचा नाही."

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर. ती उठून खिडकीशी जाऊ शकली असती, पण बसूनच राहिली, दाराला पाठ लावून. "हो, बोलते," ती म्हणाली. "बाथरूम सोडून द्या. नाही, तिथे काहीही बसवायचं नाही. आधाराच्या दांड्या बसवा, फरशी खरखरीत करा, दार बाहेरून उघडेल असं करा, शिवाय एक दोरी द्या. ओढली तर आम्ही येऊ, नाही ओढली तर नाही. ओढायची की नाही ते आतलं माणूस ठरवेल." पलीकडे डॉक्टर बराच वेळ बोलत होते. "तुमच्या वडिलांचं मला कळतं," ती म्हणाली. "म्हणूनच दार बाहेरून उघडू दे म्हणतेय. पण दार असू दे. या निर्णयाखाली माझं नाव घाला. हो, काही झालं तरी." फोन ठेवला तेव्हा तिच्या छातीत, बैठकीपासून पहिल्यांदाच, हवा शिरली होती. थोडीशी. एका खोलीपुरती.

आत पाण्याचा एक थेंब पडला, मग दुसरा. आई म्हणाली, "माझ्याच घराचं होतं का ते?"

"सगळ्यांच्याच."

"हं. किल्ली मागे लोटलीस."

"तूच शिकवलं होतंस."

"तुला एक सांगायचं राहिलंय," आई म्हणाली. तो आवाज घरातला नव्हता. कडा झिजल्या नव्हत्या, घडी मोडली नव्हती. "पण लाइनवरचं लाइनवर. धाकट्याला नाही, तुझ्या डॉक्टरला नाही. त्या फोनमध्येही नाही."

"हो."

"नुसतं हो नको. नीट म्हण."

तिच्या मनात डाव्या हाताने ओतलेला चहा आला, उकाड्यातल्या लांब बाह्या आल्या. म्हणू नये, असं आतून कुणीतरी ओढत होतं. एकदा म्हटलं की ते घेऊन कुठेच जाता येणार नव्हतं, ना कचेरीत, ना भावाकडे, ना आत्ताच फोन करून शब्द मागे घ्यायला. कडीला लटकलेला पट्टा तिच्या डोक्यावर लोंबत होता. "लाइनवरचं लाइनवर," ती म्हणाली.

"मागच्या महिन्यात मी पडले," आई म्हणाली. "इथेच, या स्टुलाशी. उजव्या अंगावर. पट्टा बाहेर कडीला, तू कामात, तो तिकडे झोपेत. फरशी गार होती. हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा. मग कानोसा घेतला, तर कुठे काही वाजत नव्हतं. कुणाचा फोन नाही, कुणी धावत येत नाही. पडून राहिले जराशी. मग नळाला धरून आधी बसले, मग बादलीला धरून गुडघ्यावर आले, आणि मग उठले. दुखत होतं, खोटं कशाला सांगू, अजून दुखतंय. पण माझी मी उठले गं. वेळ लागला. पण कुणी मोजत नव्हतं."